आधी घरी वाचून दाखव

सरांवर मी जितकी चिडले तितकी नवऱ्यावरसुद्धा चिडले नसेन, आणि माझा नवरा चांगलीच चीड आणणारा माणूस आहे. सर गेले तेव्हा शोकसभेत एकेक जण उठून 'शांत', 'मृदू', 'ऋषितुल्य' असं काय काय बोलला. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. शांत कसले! माणूस नुसता हट्टी होता. आवाज चढवायचा नाही, एवढंच. आवाज न चढवता समोरच्याला जेरीस कसं आणायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्यातलं निम्मं तरी त्यांनी माझ्यावरच वापरलं.

मी अमरावतीची. मंगरूळपीरच्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायला आले तेव्हा सर राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले होते. पण ही गोष्ट पगार काढणाऱ्या कारकुनाशिवाय कोणाच्या लक्षात आली नव्हती. रोज प्रार्थनेच्या आधी सर हजर. ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यात एक बाक होतं, ते त्यांचं. बारावीची मुलंमुली तिथं यायची. पुढं कुठं जायचं, कोणत्या कॉलेजात अर्ज करायचा, मुलाखतीत काय विचारतात, सगळं त्या बाकावर. फी नाही, क्लासची पाटी नाही, काही नाही.

त्यांची एक सायकल होती. तिच्यावर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. हँडलला पिशवी अडकवायची आणि सायकल हातात धरून चालायचं. एकदा मी विचारलंच, "सर, चालायचंच असेल तर सायकल कशाला?"

"पिशवी कोन धरन मंग?"

"आणि बसत का नाही?"

"पोट्टे पायी असतात, मॅडम. मी सायकलवर बसलो त बोलू कोनासंगं?"

दर्ग्याच्या रस्त्यावरून ही वरात रोज संध्याकाळी जायची. मधे सर, एका बाजूला सायकल, दुसऱ्या बाजूला चार-पाच पोरं. दुचाकीवाले हॉर्न वाजवून थकायचे.

कोणी नवीन मुलगा आला की दुसरा कोणीही टक्के विचारेल. सर विचारायचे, "तू गेल्यावर घरी कोन रडन?" पोरगं गोंधळायचं. आई, म्हणायचं, नाहीतर आजी. "मंग थिलेच आधी भेटू." आणि खरंच भेटायला जायचे, एसटीनं, जीपमध्ये कोंबून घेऊन, उन्हातान्हात. त्यांचं म्हणणं असं की अर्ज मुलगा भरतो, पण त्याला पाठवतं ते रडणारं माणूस. ते माणूस तयार नसलं तर मुलगा पहिल्याच दिवाळीला परत येतो आणि मग जात नाही. हे मात्र खरं होतं. मी पाहिलंय.

'गरीब' या शब्दाशी त्यांचं काय वैर होतं कोण जाणे. कुणाच्याही लिखाणात तो दिसला की पेन्सिलनं काट. "गरीब म्हंजे का? तुह्या घरी तूर हाय? बकरी हाय? छतावर टिनपत्रं हाय? मंग थे लेह ना. गरीब लेहून मले काई दिसत नाही." मी म्हणायचे, सर, समोरच्याला कळतं हो. ते म्हणायचे, समोरच्याला फार लवकर कळतं, तेच तर वाईट आहे.

आणि मुलाखतीचा सराव? तो चहाच्या टपरीवर! टपरीवाल्याला समोर बसवायचे, हातात गाळणी तशीच. "इचार गा याले." तो बिचारा विचारायचा, "तू तिकडं जाशीन, शिकशीन, आमाले काय भेटन त्याच्यातून?" मोठमोठ्या विद्यापीठांच्या मुलाखती देऊन आलेल्या पोरांनी मला सांगितलंय, मॅडम, त्या टपरीवाल्याइतकं अवघड तिथं कोणीच विचारलं नाही.

पण हे सगळं चाललं असतं. माझं डोकं फिरायचं ते त्यांच्या एका नियमानं.

आपल्याकडे अर्ज म्हणजे नाव, गाव, जात, टक्के. पण बाहेरची काही विद्यापीठं हल्ली स्वतःबद्दल दोन पानं लिहायला सांगतात, इंग्रजीत. आमच्या पोरांना स्वतःबद्दल कधी कोणी काही विचारलेलं नसतं. ती मोबाईलवर नमुने शोधतात. त्या नमुन्यांत बाप दारू पितो, आई धुणीभांडी करते आणि पोरगा कंदिलाखाली अभ्यास करतो. एका वर्षी आमच्या कॉलेजात लिहिलेल्या झाडून सगळ्या निबंधांत बाप दारुडा होता आणि घरात कंदील होता. वाचणाऱ्याला वाटलं असतं, मेडशीपासून कामरगावपर्यंत अजून लाईटच पोचलेली नाही.

सरांचा नियम असा: ज्या माणसाबद्दल लिहिलं, त्याला ते आधी वाचून दाखवायचं. मराठीत, समोर बसवून. तो हो म्हणाला तर अर्ज जाईल. "आधी घरी वाचून दाखव," एवढंच म्हणायचे आणि कागद परत द्यायचे. कामरगावच्या एका मुलानं लिहिलं होतं की आजीचा शिक्षणाला विरोध आहे. वाचून दाखवल्यावर आजी खराटा घेऊन त्याच्या मागं धावली. याच आजीनं त्याला शाळेत नेऊन घातलं होतं! आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. सर हसले नाहीत.

मी एकदा चिडून विचारलं, "सर, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? निबंध मुलाचा, अर्ज मुलाचा. घरच्यांचा काय संबंध?"

ते पेन्सिलीला टोक करत होते. म्हणाले, "मॅडम, आमच्या लोकायबद्दल लोकांनी लय लेहलं. पिढ्यान्‌पिढ्या लेहलं. सरकारनं लेहलं, सायबानं लेहलं, पंडितानं लेहलं. चांगलं लेहलं, वाईट लेहलं. पन लेहल्यावर कोनी येऊन म्हनलं काय, की बाप्पा, हे तुह्याबद्दल लेहलं, बरोबर हाय काय? कोनीच नाही. आता आमचे पोरं लेहाले लागले. त्याहीनं तरी इचारावं."

पण पटलं असं नाही. तारखा जवळ आल्या की मला अजूनही पटत नाही.

मग सुजाता आली.

सुजाता मेडशीची. मंगरूळला मुलींच्या वसतिगृहात राहायची. गणितात अशी मुलगी मी पाहिली नव्हती, आणि इंग्रजीही तिनं माझ्या मागं लागून लागून शिकून घेतलेली. आईवडील दर वर्षी हिवाळ्यात वीटभट्टीवर जायचे, ते पावसाच्या तोंडावर परत. घरी आजी. बंगळुरूच्या एका विद्यापीठात तिला अर्ज करायचा होता. निवड झाली तर राहणं, जेवण, शिक्षण सगळं त्यांच्याकडून. नाही झाली तर जवळचं कॉलेज, जमेल तितके दिवस, आणि मग लग्न. गल्लीतल्या तिच्या वयाच्या पोरी एकामागून एक तशाच गेल्या होत्या. हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती, ती बोलायचीही नाही. नुसती अभ्यास करायची, दात आवळून.

तिनं निबंध लिहिला. त्यात अर्थातच बाप अशिक्षित, बाप दारुडा, घरात शिक्षणाची किंमत कोणाला नाही, आणि ती एकटी लढतेय. मी तो तपासला. तिच्या घरचं मला काय माहीत? वाटलं, असेल तसंच. काय सुंदर झाला होता हो तो! वाक्यं कशी धावत होती. शेवटी माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, झालं, ही मुलगी गेली बंगळुरूला.

सरांनी वाचला. घडी घातली. "बापाले ऐकवलं?"

सुजाता खाली बघायला लागली. म्हणाली, "बाबा भट्टीवर हायेत, सर. पातूरच्या पुढं."

"मंग पातूरच्या पुढं जाऊ."

मी म्हटलं, अहो सर, मुदत तोंडावर आलीय! त्यांनी सायकल व्हरांड्यात लावली, पिशवी काढून खांद्याला अडकवली आणि निघाले. आता मुलीला एकटीला कशी पाठवू? मीही निघाले. शेलूबाजार, मालेगाव, बस बदल, मेडशी मागं पडली. रस्ताभर मी सरांशी एक शब्द बोलले नाही. त्यांना ते कळलं असेल असं वाटत नाही, ते खिडकीतून तुरीची शेतं बघत होते.

भट्टीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. कच्च्या विटांच्या रांगा वाळत पडलेल्या. तिचे वडील साच्यात चिखल भरत होते. आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"जय भीम, सर. पोरीले काई झालं काय?"

"काई नाही झालं. जय भीम. पोरीनं अर्जात तुमच्याबद्दल लेहलं. तुमी ऐका, मंग धाडू."

त्यांनी हातपाय धुतले. विटांच्या झोपडीत जाऊन शर्ट घालून आले, वरची गुंडी लावून. सुजाताची आई डोक्याचं फडकं सोडत येऊन बसली. सर जमिनीवर बसले, म्हणून मीही बसले. आजूबाजूचे दोन-तीन मजूर काम थांबवून उभे राहिले. सुजातानं आधी इंग्रजीत वाचलं. वडिलांना कळत नव्हतं, पण पोरगी फाडफाड इंग्रजी वाचते म्हणून ते मान हलवत होते आणि हळूच त्या मजुरांकडं बघत होते.

"आता मराठीतून सांग," सर म्हणाले.

ती पुस्तकी मराठीत सांगायला लागली. माझे वडील अशिक्षित आहेत. दारूच्या व्यसनामुळे आमच्या घरात... आवाज बारीक होत गेला, पण थांबली नाही. शेवटपर्यंत सांगितलं.

आईच आधी बोलली. "अवं, हे कोनाच्या घरचं वाचून राह्यली तू? तुह्या बापानं कदी थेंब लावला काय तोंडाले? आन अशिक्षित कायचा? सातवी पास हाय तो!"

"थांब व तू," वडील म्हणाले. त्यांनी सुजाताकडं पाहिलं नाही. सरांकडं पाहिलं. "सर, असं लेहल्यानं नंबर लागते काय?"

सर म्हणाले, "मॅडमले इचारा."

मी काय सांगणार होते? जे मला खरं वाटत होतं तेच सांगितलं. म्हटलं, लागू शकतो.

ते थोडा वेळ हाताच्या नखांतला चिखल काढत बसले. मग म्हणाले, "मंग राहू द्या. हा कागद जाईन बंगलोरले. तथी मले कोन वयखते? मी दारुडा झाल्यानं पोरीचा नंबर लागत असन, त मी दारुडा. धाडा."

मी मान वळवली. माझ्या बापानं माझ्यासाठी खूप केलं, पण असं काही त्याच्याकडं कोणी मागितलं नव्हतं.

सरांनी कागदाची घडी सुजाताच्या हातात दिली. "परवानगी भेटली. पाठव."

नियम म्हणजे नियम. येताना बसमध्ये ते पुन्हा खिडकीबाहेर बघत बसले. मी मात्र मनातून खूश होते. वाटलं, बरी जिरली! यांच्याच नियमानं निबंध पास झाला. आता मुकाट्यानं पाठवूया.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या खोलीत सुजाता पडद्यासमोर नुसती बसून होती. म्हणाली, "मॅडम, मले हे नाही पाठवाचं. मी नवीन लेहतो."

"अगं बाई, वेड लागलं का तुला? वडिलांनी हो म्हटलंय ना?"

"म्हनूनच, मॅडम."

मी तरातरा व्हरांड्यात गेले. "सर, तुम्ही सांगा तिला. तुमचं ऐकेल."

"मी कायले सांगू? नाव तिचं, बाप तिचा."

"आणि जागा गेली तर?"

"चाय घेता काय?" सर म्हणाले. त्यांच्या डोक्यात ती चहाची किटली घालावी असं वाटलं मला.

नवीन निबंध तिनं घाईघाईत लिहिला. इंग्रजीत चार ठिकाणी अडखळणारा. लहानपणी भट्टीवर कच्च्या विटा मोजता मोजता तिला गणित कसं आवडायला लागलं, शाळा बुडू नये म्हणून आईनं तिला आजीपाशी कसं ठेवलं आणि जाताना मागं वळून कसं पाहिलं नाही, असं. शेवटी लिहिलं होतं, माझे वडील म्हणाले की माझ्याबद्दल काय वाटेल ते लिही, म्हणून मी फक्त आहे तेवढंच लिहिलं आहे. हे फोनवरून भट्टीवर वाचून दाखवलं का, असं सरांनी विचारलं. ती म्हणाली, आईला ऐकवलं, बाबा कामावर होते. आई हो म्हणाली, बाबांना मीच सांगते म्हणाली. तेवढं सरांना पुरलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज गेला.

मुलाखतीचं बोलावणं आलं, ती झालीही, प्राचार्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवरून. पण निवड झाली नाही. कारण ते लोक सांगत नाहीत. मी काय ऐकून घेणार? मी सरांच्या बाकासमोर उभी राहून सगळ्यांदेखत बोलले. म्हटलं, तुमच्या तत्त्वापायी एका मुलीची जागा गेली. पहिला निबंध गेला असता तर आज ती बॅग भरत असती.

"असन," सर म्हणाले. बस. दुसरं काही नाही. स्वतःची बाजू मांडली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कोणाचा जीव टांगणीला नको. सुजातानं वाशिमला नाव घातलं आणि पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला. निवड झाली. आज ती बंगळुरूला शिकतेय, सुट्टीत आली की मला भेटायला येते. पण तो निकाल लागायच्या आधीच, पावसाळ्यात, सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. तिचा फोन आला तेव्हा मी आधी व्हरांड्याकडं धावले, आणि तिथं जाऊन मग आठवलं. त्या रिकाम्या बाकावर बसून मी रडले, सरळ रडले, पोरं बघत होती तरी.

पण त्याआधी, पहिल्या खेपेला निवड झाली नाही ते कळल्यावर, ते घरी सांगणं राहिलं होतं. मी म्हटलं, फोन करा. सर म्हणाले, "हे फोनवर सांगाची गोष्ट नाही." पुन्हा तीच बस. या वेळी सुजाता माझ्या शेजारी बसली होती आणि तिनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता.

भट्टीवरचं काम संपत आलं होतं. वडिलांनी लांबून आमचे चेहरे पाहिले आणि त्यांना कळलं. तरी सर बोलेपर्यंत थांबले.

"नाही लागला नंबर."

"दारुडा बाप बी पुरला नाही काय त्याहीले?" ते म्हणाले, आणि हसायचा प्रयत्न केला.

"थे धाडलंच नाही पोरीनं," सर म्हणाले. "दुसरं लेहलं. खरं लेहलं."

वडिलांना काही वेळ उमजलंच नाही. मग ते सुजाताकडं वळले. "काहून?" ती आईकडं सरकली. "काहून व? म्या हो म्हनलं होतं ना? सरांपुढं म्हनलं होतं! एक शब्दच होता ना थो? माह्या अंगाचं का झिजलं असतं?" आवाज भट्टीच्या त्या टोकापर्यंत गेला. लोक काम टाकून बघायला लागले. आई पदर तोंडाला लावून उभी होती; तिनं त्यांना सांगितलंच नव्हतं.

"बाबा, मले नाही पाठवता आलं," सुजाता म्हणाली. आणि रडायला लागली.

सर पुढं झाले. त्यांनी हात जोडले. "तिले बोलू नका. चूक माही हाय. मी तिले तुमच्यापुढं वाचाले आनलं नसतं, त तिनं धाडून देलं असतं. आज तिचा नंबर असता. माह्यामुळं गेला."

हेच ऐकायला मी इतके दिवस वाट पाहत होते. कॉलेजात, सगळ्यांसमोर, त्यांनी हे म्हणावं म्हणून भांडले होते. आणि आता ते जोडलेले हात बघून मला वाटलं, कोणीतरी यांना थांबवा रे.

वडील वळले. पाण्याच्या ड्रमपाशी गेले, तोंडावर पाणी मारलं, आणि आमच्याकडं पाठ करून कितीतरी वेळ उभे राहिले. खांदे हलताना दिसत होते. सुजाता त्यांच्याकडं जायला निघाली तर आईनं तिला धरून ठेवलं.

मग ते आले. सरांचे जोडलेले हात त्यांनी धरून खाली केले, आणि त्यांच्यासमोर बसले.

"सर, पुढच्या साली पुन्ना भरता येते काय?"

"येते."

"मंग भरा." ते थांबले. पोरीकडं बघितलं, आल्यापासून पहिल्यांदा नीट बघितलं. "पन यावेळी तसलं काई लेहलं, त मले इचाराले येऊ नका. मी हो म्हननार नाही."